टेबलाची लांबी किती?
होशंगाबादच्या ‘बाल वैज्ञानिक’कडे पुन्हा पाहताना

बालकेंद्री शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन शाळांची नावे हटकून घेतली जातात. एक टोकियोतली तोमोए, म्हणजे तोत्तोचानची शाळा, आणि दुसरी इंग्लंडमधली समरहिल. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी, कोबायाशी यांनी १९३७ साली सुरू केलेली तोमोए १९४५ मध्ये हवाई हल्ल्यात जळून गेली. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये काढलेली समरहिल अजून चालू आहे आणि तासाला बसायचे की नाही हे तिथे मूलच ठरवते. दोन्हींबद्दल वाचताना मन भरून येते. मग पुस्तक मिटून आपण वर्गात जातो तेव्हा समोर साठ मुले असतात, पस्तीस मिनिटांचा तास असतो आणि घटक चाचणी पुढच्या आठवड्यावर आलेली असते. तोमोएत सगळे वर्ग मिळून पन्नासेक मुले होती.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. या शाळांच्या कथांतून मुलांशी कसे वागावे हे भरपूर शिकता येते, पण अपूर्णांक, विद्युत परिपथ किंवा बीजांकुरण कसे शिकवावे हे जवळजवळ सापडत नाही. नील यांना तर शिकवण्याच्या पद्धती या प्रश्नातच फारसा रस नव्हता आणि त्यांनी तसे उघड लिहिलेही आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात साधनांचा आणि पद्धतीचा विचार नेटका आहे, पण त्याचा गाभा बालवाडीच्या वयाचा. सातवीच्या विज्ञानाच्या शिक्षकाने काय करायचे? मुलाला केंद्रस्थानी ठेवा हे त्याला मान्य असते. आम्ल-आम्लारीच्या धड्यात मूल केंद्रस्थानी ठेवायचे म्हणजे मंगळवारी तिसऱ्या तासाला नेमके काय करायचे, हे त्याला हवे असते.

या प्रश्नाचे उत्तर पानोपानी शोधणारी पाठ्यपुस्तके आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात तयार झाली होती. त्यांचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. सहावी, सातवी आणि आठवीसाठी एकेक. ही पुस्तके एखाद्या प्रयोगशील खासगी शाळेची नव्हती. ती मध्य प्रदेश पाठ्यपुस्तक निगमाने छापली आणि सरकारी शाळांतल्या मुलांनी वापरली. आज ती कुठल्याच शाळेत लागलेली नाहीत. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती पुन्हा नीट वाचण्यासारखी आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आताचा नर्मदापुरम) सोळा माध्यमिक शाळांत हे काम सुरू झाले. तिकडे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी. सुरुवात करणाऱ्या संस्था दोन. टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडून आलेल्या अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’. दिल्ली विद्यापीठातले आणि टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ सुट्ट्यांमध्ये येऊन शाळामास्तरांबरोबर बसले. १९७८ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांना लागू केला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने पुढची जबाबदारी घेतली. हळूहळू इतर जिल्ह्यांतही तो पोहोचला. २००२ साली सरकारने तो बंद केला, तेव्हा सुमारे हजार शाळांत आणि लाखभर मुलांपर्यंत तो गेलेला होता.

महाराष्ट्राचाही या कामाशी एक धागा आहे. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे तरुण अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिकडे गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची कल्पना त्यांना तिथे सुचली. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो. छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात ते पाचवीतल्या मुलाला बोटांनी कळते. पुढे ही खेळणी आपल्याकडच्या किती शाळांत पोहोचली हे वाचकांना सांगायला नको.

पुस्तकात काय नाही

‘बाल वैज्ञानिक’ हातात घेतल्यावर शिक्षकाला पहिला धक्का बसतो तो त्यात काय नाही याचा. व्याख्या चौकटीत दिलेल्या नाहीत. प्रयोगाचा निष्कर्ष छापलेला नाही. धड्याच्या शेवटी ‘आपण काय शिकलो’ नाही. प्रयोग कसा करायचा हे आहे, आणि मग प्रश्न आहेत. काय दिसले? तुमच्या टोळीला जे दिसले तेच शेजारच्या टोळीला दिसले का? नसेल तर का? उत्तर मुलाने आपल्या वहीत लिहायचे. चार-चार मुलांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला साहित्य. साहित्यही आसपासचे. फुलाचे भाग सुटे करायला सुईऐवजी बाभळीचा काटा, रसायनांसाठी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या.

निष्कर्ष छापला नाही, ही गोष्ट वरवर लहान वाटते. पण आपल्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकात कृती दिलेली असते आणि तिच्याखाली लगेच ‘यावरून असे दिसून येते की’ असे वाक्य असते. ते वाक्य असले की कृती करण्याचे कारणच उरत नाही. मूल हुशार असते, ते थेट त्या वाक्यावर जाते. शिक्षकही हुशार असतो. साहित्य काढून पुन्हा कपाटात ठेवण्याचा त्रास कशाला घ्यायचा? प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असते याचा दोष आपण नेहमी शिक्षकाच्या आळसाला देतो. मला वाटते, निम्मा दोष त्या एका वाक्याचा आहे.

यापुढची पायरी अधिक अवघड आहे. निष्कर्ष छापलेला नसेल आणि मुलांची उत्तरे वेगवेगळी आली, तर खरे कोणाचे धरायचे? बालकेंद्रीपणाची परीक्षा इथे होते. मुलांना बोलू देणे सोपे आहे. त्यांचे उत्तर आपल्या उत्तरापेक्षा वेगळे आले की मग काय करायचे, यावर शाळेचे खरे वळण कळते.

या पुस्तकांतला मापनाचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो याच कारणासाठी. अंतर मोजण्यापासून सुरुवात होते आणि पुढे मोजमापातला कमी-अधिकपणा व आसन्न मूल्य हा एक स्वतंत्र विषय होतो. मापन हा आपल्याकडे सर्वांत कंटाळवाणा धडा. एककांचे तक्ते, रूपांतरे, रिकाम्या जागा भरा. इथे मुलांनी एकच वस्तू मोजायची आणि सगळ्यांची उत्तरे फळ्यावर लिहायची.

वर्गात काय घडते ते एका उदाहरणाने पाहू. आकडे माझे आहेत, पण कुठल्याही वर्गात थोड्याफार फरकाने असेच येतील. शिक्षकांचे टेबल आठ टोळ्यांनी तीस सेंटिमीटरच्या पट्टीने मोजले. फळ्यावर आले : १२१.८, १२२.०, १२२.३, १२१.६, १२२.०, ९२.२, १२२.१, १२२.४. आता मुले विचारतात, “गुरुजी, बरोबर कोणाचं?”

नेहमीचा शिक्षक स्वतः पुढे होऊन टेबल मोजेल आणि सांगेल, १२२. ज्यांचे १२२ आले ते खूश, बाकीच्यांनी खोडून दुरुस्त करायचे. होशंगाबादचा शिक्षक विचारतो, फरक का पडला असेल? मुले पुन्हा पट्टी लावून बघतात. पट्टी तीस सेंटिमीटरची, टेबल सव्वाशेच्या आतले, म्हणजे पट्टी पाच वेळा ठेवावी लागते आणि चार वेळा सरकवावी लागते. प्रत्येक वेळी बोटाने किंवा खडूने खूण करताना एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. चार वेळा मिळून तीन-चार मिलिमीटर. एका टोळीच्या पट्टीचे टोक झिजलेले आहे, त्यांनी शून्याच्या खुणेऐवजी टोकापासून मोजले. एकाने तिरके पाहून वाचन घेतले. म्हणजे १२१.६ आणि १२२.४ यांत कोणी ‘चुकलेले’ नाही. साधनाची आणि डोळ्यांची ती मर्यादा आहे आणि जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती कमी होते, नाहीशी होत नाही.

आणि ९२.२? मुले आधी हसतात. मग एखादी मुलगी म्हणते, बरोबर तीस कमी आहेत. १२२.२ मधून तीस गेले की ९२.२. त्या टोळीने पट्टी ठेवण्याची मोजदाद एकदा चुकवली. ही मात्र चूक आहे. ती शोधून काढता येते, तिचे कारण सांगता येते आणि म्हणून ती बाजूला ठेवता येते. सगळ्या आठ आकड्यांची सरासरी काढली तर ११८.३ येते, जी लांबी कोणालाच मिळालेली नाही. चूक बाजूला ठेवून उरलेल्या सातांची काढली तर १२२.०.

चूक वेगळी आणि अटळ फरक वेगळा, हे शहाणपण या एका तासात येते. विज्ञानाच्या पदवीधरांनाही ते पुष्कळदा आलेले नसते. होशंगाबादची पुस्तके इथेच थांबत नाहीत. आठवीत संयोग आणि संभाव्यता यांवर धडा आहे. नाणी आणि ठोकळे टाकून प्रत्येक टोळीची नोंद घ्यायची, मग साऱ्या वर्गाची एकत्र करायची. दहा वेळा नाणे टाकले तर सात वेळा छापा येऊ शकतो, हजार वेळा टाकले तर सातशे वेळा येणे जवळपास अशक्य, हे मुलाने स्वतःच्या वर्गाच्या आकड्यांतून पाहायचे. आठवीच्या खेड्यातल्या मुलाला हे कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते. पिकाचा अंदाज, पावसाचा अंदाज, औषधाचा गुण, निवडणुकीचा कल, यांपैकी काय या मुलाच्या आयुष्यात येत नाही?

पुस्तकाबाहेरचे पुस्तक

ही पुस्तके नुसती छापून शाळांना पाठवली असती तर ती वर्षभरात रद्दीत गेली असती. ती टिकली याचे कारण त्यांच्याभोवती उभारलेली व्यवस्था, आणि समीक्षा करायची तर पुस्तकाइतकीच या व्यवस्थेची करायला हवी.

शिक्षकांची प्रशिक्षणे उन्हाळ्यात होत, एकेका इयत्तेसाठी सुमारे तीन आठवड्यांची. त्यांत भाषणे जवळपास नसत. मुलांनी जे प्रयोग करायचे ते सगळे शिक्षकांनी टोळ्या करून आधी स्वतः करायचे. पदवीला विज्ञान नसलेले शिक्षक पुष्कळ होते. ते आणि विद्यापीठातले प्राध्यापक एकाच बाकावर बसून बेडकाच्या अंड्यांचे काय झाले ते रोज पाहात. वर्ष सुरू झाले की दर महिन्याला जवळपासच्या शाळांतले शिक्षक एका ठिकाणी जमत. तिकडे त्याला मासिक गोष्ठी म्हणत. कुठला प्रयोग फसला, कुठल्या प्रश्नाने घोळ झाला, मुलांनी काय विचारले, हे तिथे बोलायचे. शिक्षकांचे हे बोलणे पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत पोहोचत असे. शिवाय ‘अनुवर्तन’ म्हणून इतर शाळांतले शिक्षक वर्गाला भेट देत. तपासनीस म्हणून नव्हे, सोबती म्हणून.

परीक्षा बदलली हे सर्वांत महत्त्वाचे. आठवीची परीक्षा बोर्डाची होती. तिच्यात मुलांना पुस्तक आणि वही बरोबर नेता येत असे आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होई. पुस्तक उघडे ठेवून परीक्षा म्हटल्यावर आपल्याकडे लोक हसतात. पण पुस्तकात उत्तर छापलेलेच नसेल तर उतरवून काढणार काय? पेच प्रश्न काढणाऱ्याचा होतो. ‘अंकुरणासाठी आवश्यक घटक लिहा’ असे विचारून भागत नाही. एखाद्या काल्पनिक टोळीने केलेल्या प्रयोगाची नोंद द्यायची आणि विचारायचे, या नोंदीवरून पाणी लागते हे सिद्ध होते का? हवा लागते हे होते का? कुठला प्रयोग राहून गेला? असे प्रश्न दरवर्षी नव्याने काढणे फार कठीण काम आहे. त्यासाठी शिक्षकांच्या कार्यशाळा घ्याव्या लागत.

आणि ‘सवालीराम’. या काल्पनिक माणसाला मुलांनी पत्र लिहून काहीही विचारायचे आणि त्याने उत्तर पाठवायचे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाला पोस्टाचा पत्ता असावा, ही गोष्ट मला फार आवडते.

कुठे कमी पडते

आता हरकती. भक्तिभावाने लिहिले तर या पुस्तकांच्या शिकवणीलाच विरोध केल्यासारखे होईल.

पहिली हरकत ज्ञानाच्या स्वरूपाबद्दल आहे. स्वतः प्रयोग करून मूल सगळे शोधून काढील, हा विश्वास १९६० नंतर जगभर बळावला. ब्रिटनमध्ये नफील्ड प्रतिष्ठानच्या विज्ञान प्रकल्पांनी तो शाळाशाळांत नेला. १९८३ मध्ये रोझलिंड ड्रायव्हर यांनी तिथल्याच वर्गांतली निरीक्षणे मांडून दाखवले की मुले कोऱ्या पाटीने प्रयोगाला बसत नाहीत. त्यांच्या डोक्यात आधीपासून कल्पना असतात आणि प्रयोगात ती आपल्या कल्पनेला साजेसे तेवढे पाहतात. बल्ब पेटला की पुष्कळ मुले म्हणतात, सेलच्या दोन्ही टोकांकडून वीज येते आणि बल्बमध्ये आपटते, म्हणून उजेड पडतो. बल्ब हजारदा पेटवला तरी ही समजूत खोटी ठरत नाही. ती खोटी ठरवायची तर आणखी काय मोजावे लागेल, हे शिक्षकालाच सुचवावे लागते.

बीजांकुरणाचे उदाहरण घ्या. उगवायला उजेड लागतो का, असे विचारले तर वर्गातली बहुतेक मुले हो म्हणतात. घरी आई भिजलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून अंधारात ठेवते आणि सकाळी मोड आलेले असतात, हे त्यांनीच कितीदा पाहिलेले असते! प्रयोग केला की हे लख्ख होते. पण पुढे काय होते पाहा. एक कुंडी खिडकीत आणि एक कपाटात ठेवून आठवड्याने पाहिले, तर कपाटातली रोपे अधिक उंच असतात. मुले तात्काळ नोंदवतात : अंधारात वाढ चांगली होते. निरीक्षण खरे आहे, अनुमान साफ चुकीचे. त्या क्षणी ज्या शिक्षकाला विषय येतो तो विचारील, रंग कसा आहे? खोड जाड की बारीक? दोन्ही रोपे वाळवून तोलली तर कोणते जड भरेल? ज्याला विषय येत नाही तो एक तर मुलांचे उत्तर मान्य करील किंवा ‘पुस्तकात तसे नाही’ म्हणून दडपील. पहिले करणाऱ्याला आपण बालकेंद्री समजण्याची शक्यता आहे. बालकेंद्री शिक्षणात शिक्षकाला कमी यावे लागते, हा गैरसमज या एका कपाटातल्या कुंडीने दूर व्हावा.

‘बाल वैज्ञानिक’च्या कर्त्यांना ही मर्यादा ठाऊक होती, म्हणून अणू आणि रेणू त्यांनी या तीन इयत्तांतून जाणूनबुजून वगळले. जे मुलाला प्रयोगाने आणि तर्काने पटवता येत नाही ते नुसते पाठ करायला द्यायचे नाही. निर्णय प्रामाणिक होता. मला तो पुरेसा वाटत नाही. विज्ञानाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची कल्पना करून, मग तिचे परिणाम तपासून उभा राहिला आहे. पाण्यात साखर विरघळली की गोडी सगळीकडे पोहोचते, साखर दिसत नाही. हे कसे होत असेल याचे चित्र काढा, असे बारा वर्षांच्या मुलाला सांगितले तर ते ठिपके काढते. त्या ठिपक्यांवर वाद घालता आला असता. कल्पना करणे आणि तपासणे यांतले पहिले अंग या पुस्तकांत दुबळे राहिले. नववीत गेल्यावर मुलाला एकदम अणुरचना आणि संयुजा यांना तोंड द्यावे लागे, तेव्हा ही फट जाणवत असणार.

दुसरी हरकत भाषेची. ही पुस्तके सुबोध हिंदीत आहेत, पण त्यांत वाचायचे पुष्कळ आहे. सूचना वाचून, तिच्या क्रमाने हात चालवून, मग प्रश्न समजून घेऊन स्वतःच्या वाक्यात उत्तर लिहायचे. चौथीपर्यंत ज्याला नीट वाचायला आलेले नाही ते मूल टोळीत सामान आणण्यापुरते उरते. चारांच्या टोळीत एक करतो, एक लिहितो आणि दोघे पाहतात, हे कुठल्याही गटकार्यात घडते. पुस्तकापाशी त्याला उत्तर नाही. ते शिक्षकाने शोधायचे.

तिसरी हरकत पुस्तकांवर घेता येत नाही, पण नोंदवायला हवी. हेच मूल पुढच्या तासाला इतिहासाच्या सनावळ्या घोकत बसे. एकलव्यने पुढे सामाजिक शास्त्रांत आणि प्राथमिक वर्गांतही काम केले, पण ते थोड्या शाळांत. दिवसातून एक तास प्रश्न विचारायची मुभा आणि बाकी पाच तास मनाई!

बंद का पडले

२००२ साली हा कार्यक्रम बंद करताना जी कारणे दिली गेली त्यांत प्रमुख असे की इथली मुले पुढे मागे पडतात, जिल्ह्याचा दहावीचा निकाल चांगला नाही. शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी निवेदने दिली. निर्णय बदलला नाही.

या कारणाकडे टेबलाच्या फळ्यावरून पाहावेसे वाटते. समजा एका जिल्ह्याचा निकाल ४८ टक्के आणि शेजारच्याचा ५१. हा फरक आहे की कमी-अधिकपणा? मागच्या पाच वर्षांत त्याच जिल्ह्याचा निकाल किती खाली-वर झाला होता? दहावीच्या निकालात इंग्रजी आणि गणितही असते. कितीजण विज्ञानात नापास झाले, कितीजण इंग्रजीत? सहावी ते आठवी विज्ञान एका पद्धतीने शिकल्यावर नववी-दहावीत दोन वर्षे दुसऱ्याच पद्धतीने शिकलेल्या मुलाचे यश-अपयश कोणाच्या खात्यावर मांडायचे? ‘बाल वैज्ञानिक’ शिकलेल्या आठवीतल्या मुलाने हे प्रश्न विचारले असते. उलट बाजूलाही हाच नियम लावावा लागेल. आमची मुले अधिक जिज्ञासू होतात, निर्भीड होतात, असे कार्यक्रमाचे समर्थक म्हणत. ते खरेही असेल, पण त्यासाठी तीस वर्षांच्या अवधीत जितके काटेकोर, सलग मोजमाप जमवून ठेवायला हवे होते तितके माझ्या मते ठेवले गेले नाही. सरकारी निर्णयापुढे मग कळकळ उभी राहिली, तक्ते पुरेसे नव्हते.

पालकांचा विचारही करायला हवा. सालदाराच्या मुलाला आठवीनंतर नोकरी मिळायची ती गुणपत्रिकेवर. त्याच्या बापाला शेजारच्या खासगी शाळेतली मुले व्याख्या धडाधड म्हणताना दिसत आणि आपला मुलगा बाभळीचे काटे गोळा करताना. त्याची शंका हास्यास्पद नव्हती. तिला उत्तर देण्याची जबाबदारी गावोगावच्या एकेका शिक्षकावर पडली.

त्यानंतर विचित्र गोष्ट घडली. कार्यक्रम बंद झाला आणि त्याची भाषा देशभर अधिकृत झाली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ती दिसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध यांतून आणि बालकेंद्री रीतीने शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले आणि ज्ञानरचनावाद हा शब्द केंद्रप्रमुखांपासून पालकांपर्यंत सर्वांच्या तोंडी झाला. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथल्या शिक्षकांनी मुलांबरोबर खपून जे उभे केले होते त्यातले नेता येण्यासारखे काय? जमिनीवरच्या आकृत्या. मग गावोगावी फरशा रंगल्या. रंगवलेल्या संख्यारेषेवर मूल उड्या मारते ते चांगलेच आहे. पण पाचावरून तीन मागे उडी मारल्यावर ‘दोन’ असे सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचे असेल, तर फळ्याच्या जागी फरशी आली एवढेच.

परीक्षेचेही तसेच. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती घेतली. परीक्षा असावी की नसावी यावर आपण खूप भांडलो. ती कशी असावी, यावर होशंगाबादच्या शिक्षकांनी जेवढे डोके चालवले तेवढे अन्यत्र क्वचितच कोणी चालवले असेल. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी निदान त्यांच्या जुन्या प्रश्नांवर नजर टाकावी.

‘बाल वैज्ञानिक’ जसेच्या तसे आज वर्गात आणता येणार नाही. अभ्यासक्रम वेगळा, भाषा वेगळी. पण मापनाचा धडा आणायला कोणाची परवानगी लागत नाही. टेबल प्रत्येक शाळेत आहे, झिजलेल्या पट्ट्याही आहेत. मासिक गोष्ठीची जागा घेऊ शकेल अशी केंद्राची शिक्षण परिषदही आपल्याकडे दर महिन्याला भरते. परिपत्रके वाचून झाली की चहापर्यंत अर्धा तास उरतो. दहा शाळांनी आपापल्या वर्गातले आकडे, त्या एका ९२.२ सकट, तिथे आणले तर त्या अर्ध्या तासात बोलायला पुष्कळ आहे.